एम-१ गॅरंड: सीएमपीकडून घ्यावी की खासगी विक्रेत्याकडून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत स्थायिक होऊन तिथलं नागरिकत्व घेतलेल्या एका वाचकाला दुसऱ्या महायुद्धातली एम-१ गॅरंड रायफल घ्यायची आहे. ती रेंजवर चालवायची आहे आणि जमलं तर पुढे संग्रहही वाढवायचा आहे. सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमकडून, म्हणजे सीएमपीकडून घ्यायची तर कागद जमवावे लागतात आणि थांबावं लागतं. गन शोमध्ये किंवा ऑनलाइन लिलावात तीच रायफल लगेच मिळते. मग कुठून घ्यावी?

रेंजवर चालवण्यासाठी हवी असेल तर सीएमपीकडूनच घ्या. ठरावीक कारखान्याची, ठरावीक वर्षाची संग्रहासाठी हवी असेल तर खासगी बाजारात उतरावंच लागेल, पण तिथे तपासणी तुमची तुम्हालाच करावी लागेल. गॅरंड घेताना खरे पैसे दोनच गोष्टींचे असतात: रिसीव्हर (सगळे भाग ज्यात बसतात तो क्रमांक असलेला मूळ सांगाडा) आणि नळी. दस्ता, घोड्याची जुळणी, गॅस सिलिंडर, स्प्रिंगा हे सगळं नंतर बदलता येतं. सीएमपीकडे या दोन गोष्टी आधीच कुणीतरी गेज (माप घेण्याचं साधन) लावून पाहिलेल्या असतात. खासगी विक्रेता बहुतेक वेळा फक्त "बोअर चकाचक आहे" एवढंच सांगतो, आणि चकाचक बोअर, म्हणजे नळीचा आतला भाग, झिजलेलंही असू शकतं.

आधी सीएमपी म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण अर्धे गैरसमज तिथेच आहेत. हे सरकारी दुकान नाही. नागरिकांना नेमबाजी शिकवण्याची व्यवस्था अमेरिकन काँग्रेसने १९०३ मध्ये सुरू केली. पुढे ती लष्कराच्या एका कार्यालयाकडे, डीसीएमकडे, होती. १९९६ मध्ये कायद्याने ती लष्करातून काढून ना-नफा महामंडळाकडे सोपवली. लष्कराच्या वापरातून गेलेल्या .३० आणि .२२ कॅलिबरच्या ठरावीक रायफली या महामंडळाला मिळतात. त्या विकून जो पैसा येतो त्यावर तरुणांचं नेमबाजी प्रशिक्षण आणि स्पर्धा चालतात. मुख्य विक्री अलाबामातल्या अ‍ॅनिस्टन इथून होते, दुसरं केंद्र ओहायोतल्या कॅम्प पेरीला आहे.

लष्कराची एम-१४ किंवा एम-१६ इथे का मिळत नाही, हे बरेच जण विचारतात. त्या रायफली पूर्ण स्वयंचलित माऱ्यासाठी बनवलेल्या आहेत आणि अमेरिकन कायद्यात त्या मशीनगन ठरतात. आतले भाग काढले तरी रिसीव्हर मशीनगनचाच मानला जातो. त्यामुळे अमेरिकन पायदळाच्या मुख्य रायफलींपैकी या मार्गाने मिळू शकणारी शेवटची म्हणजे गॅरंड. एम-१ कार्बाइन, १९०३ ए-३ या रायफलीही सीएमपीने विकल्या, पण तो साठा केव्हाच संपला. गॅरंडचा साठाही अमर्याद नाही. आज येणारा माल बराचसा परदेशातून परतलेला आहे: शीतयुद्धाच्या काळात लष्करी मदत म्हणून ग्रीस, डेन्मार्क, फिलिपाइन्स, तुर्कस्तान अशा देशांना दिलेल्या रायफली पुन्हा अमेरिकन लष्कराकडे आल्या आणि तिथून सीएमपीकडे. मालकी लष्कराचीच राहिल्यामुळे यांच्यावर आयातदाराचा शिक्का नसतो. खासगी व्यापाऱ्यांनी आयात केलेल्या रायफलींवर तो असतो, उदाहरणार्थ १९८०च्या दशकात कोरियातून आलेल्या आणि नळीवर "ब्लू स्काय" असं ठोकलेल्या गॅरंड. शिक्क्याने रायफल वाईट ठरत नाही, पण संग्राहक तिला कमी भाव देतात. तुम्हीही त्याच हिशेबाने भाव करा.

आता पात्रता. सीएमपीकडून रायफल घ्यायला अमेरिकन नागरिकत्व लागतं, वय किमान १८ लागतं, सीएमपीशी संलग्न एखाद्या क्लबचं सदस्यत्व लागतं आणि नेमबाजीच्या अनुभवाचा पुरावा लागतो. शिवाय फेडरल आणि राज्याच्या कायद्याने शस्त्र बाळगायला तुमच्यावर बंदी नसावी. आपल्या लोकांचा घोळ पहिल्याच अटीवर होतो. ग्रीन कार्ड असेल तर फेडरल कायद्याने दुकानातून रायफल घेता येते, पण सीएमपीकडून नाही. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर मुळात शस्त्र बाळगायलाच बंदी आहे, त्याला शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. त्या अपवादाच्या भरवशावर रायफल घ्यायची असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या. इथली चूक थेट इमिग्रेशनवर येते. ओसीआय कार्ड असेल आणि नागरिकत्व अमेरिकेचं असेल, तर अडचण नाही. नागरिकत्वाचा पुरावा म्हणून पासपोर्टची प्रत किंवा नॅचरलायझेशनचं प्रमाणपत्र चालतं. ड्रायव्हिंग लायसन्स चालत नाही, कारण ते नागरिकत्व सिद्ध करत नाही.

क्लबची अट ऐकून लोक घाबरतात, पण ती सगळ्यात सोपी आहे. जवळची रेंज संलग्न असेल तर तिथलं सदस्यत्व पुरतं. नसेल तर गॅरंड कलेक्टर्स असोसिएशनचं सदस्यत्व घ्या, तेही धरलं जातं. नेमबाजीच्या पुराव्यासाठी लष्करी सेवा, पोलीस सेवा, स्पर्धेचा निकाल, प्रत्यक्ष गोळीबार असलेल्या सुरक्षा वर्गाचं प्रमाणपत्र असं काहीही चालतं. वयाची साठी उलटलेल्यांना हा पुरावा माफ आहे, क्लबचं सदस्यत्व मात्र त्यांनाही लागतं. अर्जासोबत हे सगळे कागद जातात, त्यानंतर सीएमपी एफबीआयच्या एनआयसीएस यंत्रणेतून पार्श्वभूमी तपासते. कायद्याने सीएमपीला थेट खरेदीदाराच्या घरी रायफल पाठवण्याची मुभा आहे, पण काही राज्यांत, विशेषतः कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी, ती परवानाधारक विक्रेत्याकडेच येते आणि तुम्ही तिथून उचलता. ऑर्डर फॉर्मवर राज्यानुसार सूचना असतात. त्या त्याच दिवशी वाचा, दोन वर्षांपूर्वी मित्राने कसं केलं यावर जाऊ नका. अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण साधं असतं: पासपोर्टवरचं नाव, क्लबच्या कार्डावरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळत नाही. आपल्याकडे वडिलांचं नाव मधलं म्हणून लागतं, कधी लागतं कधी लागत नाही. सगळीकडे एकसारखं ठेवा.

ग्रेड निवडताना लाकडाच्या रंगाकडे पाहू नका. सीएमपीच्या श्रेण्यांत रॅक, फील्ड, सर्व्हिस या वापरलेल्या रायफली असतात. स्पेशल आणि एक्स्पर्ट ग्रेडमध्ये जुन्या सरकारी रिसीव्हरवर नवी नळी आणि नवा दस्ता असतो. सर्व्हिस ग्रेडचा अर्थ नळीच्या मापात आहे: मझलची, म्हणजे नळीच्या पुढच्या तोंडाची, झीज गेजवर ३ किंवा कमी, थ्रोटची झीज ५ किंवा कमी. थ्रोट म्हणजे चेंबर (काडतूस बसतं तो भाग) संपून पेचदार खाचा सुरू होतात ती जागा. ती गरम वायूंनी खाल्ली जाते, म्हणजे तिच्यावरून किती गोळ्या गेल्या ते कळतं. मझल मात्र गॅरंडमध्ये गोळ्यांपेक्षा सफाईच्या सळईने जास्त झिजतं. या रायफलीत मागून सरळ सळई घालता येत नाही, पुढूनच साफ करावी लागते, आणि रंगरुटांच्या हातची घाईची सळई वर्षानुवर्षं एकाच बाजूला घासत राहते. नेम बिघडवणारी झीज मझलची. म्हणून थ्रोट ४ आणि मझल १ असलेली रायफल, थ्रोट २ आणि मझल ४ असलेल्या रायफलीपेक्षा मी केव्हाही चांगली म्हणेन.

पैसे मोजून ठेवलेले असतील आणि फक्त चालवायचीच असेल, तर नव्या नळीच्या ग्रेडला प्राधान्य द्या. इतिहास थोडा कमी मिळतो, पण पुढची कित्येक वर्षं नळीची काळजी करावी लागत नाही. जुनी नळीच हवी असेल आणि शक्य असेल तर अ‍ॅनिस्टन किंवा कॅम्प पेरीला स्वतः जा. मांडणीवरून रायफल हातात घेऊन निवडता येते. पोस्टाने मागवलेल्या रायफलीत निवड तुमची नसते. लाकडाखाली गंजाचे खड्डे, दस्त्यावर एखाद्या परदेशी लष्कराचे कोरीव क्रमांक, वेगवेगळ्या कारखान्यांचे भाग हे सगळं श्रेणीच्या वर्णनात बसतं. त्यात फसवणूक नाही. डॅनिश सैन्याने स्वतः बनवलेल्या "व्हीएआर" शिक्क्याच्या नळ्या किंवा इटलीत बेरेटा, ब्रेडाने बनवलेले रिसीव्हरही या परतलेल्या मालात सापडतात. व्हीएआर नळी मिळाली तर नाराज होऊ नका, त्या चांगल्या नळ्या आहेत.

भाग मिसळलेले असणं हीच गॅरंडची नैसर्गिक अवस्था आहे, हे खासगी बाजारात जाण्याआधी मनात पक्कं करा. स्प्रिंगफील्ड आर्मरी आणि विंचेस्टर यांनी महायुद्धात, आणि पुढे पन्नासच्या दशकात इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि हॅरिंग्टन अँड रिचर्डसन यांनीही गॅरंड बनवल्या. लष्करी कार्यशाळेत रायफल दुरुस्तीला आली की सगळी सुटी व्हायची, भाग धुऊन पेट्यांत पडायचे आणि जो हाताला लागेल तो चांगला भाग बसायचा. कुणीही बोल्टवरचा (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावरचा) आकडा रिसीव्हरच्या वर्षाशी जुळवत बसलं नाही. त्यामुळे "सगळे भाग मूळचे, त्याच महिन्याचे" अशी जाहिरात दिसली की बहुतेक वेळा कुणा संग्राहकाने वर्षानुवर्षं भाग गोळा करून ती जुळवलेली असते. तसं करण्यात गैर काही नाही, पण ती मूळ अवस्थेतली म्हणून दुप्पट भाव मागितला जात असेल तर कागद मागा. सीएमपीने विकलेल्या रायफलींबरोबर अनुक्रमांक असलेलं प्रमाणपत्र मिळतं, त्याआधीच्या डीसीएम काळातल्या विक्रीला लष्करी वितरण फॉर्म असे. विक्रेता "सीएमपीचीच आहे" म्हणत असेल तर प्रमाणपत्रावरचा क्रमांक रिसीव्हरच्या मागच्या टाचेवरच्या क्रमांकाशी अंक-अंक जुळवून पाहा. दस्त्यावरचे निरीक्षकांचे चौकोनी शिक्के आणि तोफांची चिन्हं यांचे बनावट ठसे सर्रास विकत मिळतात. लाकूड जुनं, घासलेलं आणि शिक्क्याच्या कडा मात्र टोकदार असतील तर त्या शिक्क्याला एक डॉलरही जास्त देऊ नका.

खासगी व्यवहारात सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे जोडलेला रिसीव्हर. लष्कराने भंगारात काढलेल्या अनेक गॅरंड आडव्या कापून टाकल्या होत्या. पन्नास-साठच्या दशकात काहींनी त्या अर्ध्या तुकड्यांना वेल्डिंग करून पूर्ण रिसीव्हर बनवले आणि रायफली विकल्या. त्या अजून बाजारात फिरतात. ओळखायचं कसं? रायफल दस्त्यातून काढा. ऑपरेटिंग रॉड (बोल्टला मागे-पुढे नेणारा दांडा) मागे ओढला की रिसीव्हरच्या उजव्या बाजूला पुढच्या पायावर ड्रॉइंग क्रमांक दिसतो. युद्धकाळात तो डी-२८२९१ आणि त्यापुढे आवृत्तीचा आकडा असा असतो, नंतरच्या उत्पादनात ६५२८२९१. हा क्रमांक पुढच्या अर्ध्यावर आणि अनुक्रमांक मागच्या अर्ध्यावर. आवृत्ती ज्या काळाची, अनुक्रमांकही त्याच काळाचा हवा. उदाहरणार्थ स्प्रिंगफील्डचे ४२,००,००१ पासून पुढचे क्रमांक १९५२ आणि नंतरचे आहेत. त्यांच्या पुढच्या पायावर युद्धाच्या सुरुवातीची आवृत्ती दिसली तर दोन रायफलींची एक केलेली आहे असं समजा. मधल्या भागात पार्करायझिंगचा (पोलादावरच्या करड्या संरक्षक थराचा) रंग बदललेला, आतल्या खाचांत कानशीचे ओरखडे, ऑपरेटिंग रॉड एका जागी अडखळतो, अशी चिन्हं एकत्र दिसली तर रायफल परत ठेवा. भाव कितीही कमी असो, हा रिसीव्हर चालवण्याच्या कामाचा नाही.

नावाचाही एक घोटाळा आहे. मूळ स्प्रिंगफील्ड आर्मरी हा मॅसॅच्युसेट्समधला सरकारी कारखाना, तो १९६८ मध्ये बंद झाला. १९७४ मध्ये इलिनॉयमधल्या जेनेसिओ गावात एका खासगी कंपनीने तेच नाव घेऊन काम सुरू केलं आणि तिनेही एम-१ बनवल्या. त्यांचे रिसीव्हर ओतीव, सरकारी रिसीव्हर घडीव. खासगी कंपनीची रायफल वाईट नाही, पण ती लष्करी नाही आणि लष्करी भावाने घ्यायची नाही. टाचेवरची सगळी अक्षरं वाचा.

स्नायपर प्रकारांबद्दल एवढंच सांगतो: एम-१डी ही साध्या गॅरंडवर वेगळी नळी आणि दुर्बिणीचा ठोकळा बसवून तयार होई, त्यामुळे ती आजही कुठल्याही रिसीव्हरवर घरी बनवता येते. कागदाशिवाय एम-१डी म्हणजे साधी गॅरंड आणि वर बसवलेले सुटे भाग, तेवढाच भाव द्या. पहिल्या सुमारे ५०,००० रायफलींतल्या "गॅस ट्रॅप" रचनेच्या, म्हणजे नळीच्या तोंडापाशी वायू पकडणाऱ्या, गॅरंडचंही तसंच. त्यांतल्या बहुतेक लष्करानेच नंतर बदलल्या, आणि आज दिसणाऱ्यांत नकला भरपूर आहेत.

आता हातात घेऊन तपासण्याचा क्रम. आधी बोल्ट मागे, चेंबरमध्ये बोट घालून रिकामं आहे याची खात्री. मग मझल. गेज नसेल तर बारूद आणि प्रायमर (बारूद पेटवणारी टोपी) नसलेलं डमी काडतूस सोबत ठेवा आणि त्याची गोळीची बाजू मझलमध्ये सोडा. काडतुसाच्या पितळी खोळीचं तोंड आणि मझल यांच्यामध्ये साधारण पाव इंच गोळी दिसत राहिली तर मझल चांगलं. पितळ थेट मझलला टेकलं तर नळी संपलेली. ही चाचणी ढोबळ आहे, तिने खरेदी पक्की करू नका, पण नको असलेली रायफल मिनिटभरात बाजूला निघते. जिवंत काडतुसाने हे करू नका, आणि विक्रेता करायला लागला तर त्यालाही थांबवा.

त्यानंतर ट्रिगर गार्ड उघडून बंद करा. शेवटच्या टप्प्यात तो जोर देऊन दाबावा लागला पाहिजे. सहज बंद होत असेल तर दस्त्याचं लाकूड दबलेलं आहे, रायफल त्यात हलते आणि गोळ्या लक्ष्यावर पसरतात. पुढे ऑपरेटिंग रॉड. पुढच्या टोकाच्या पिस्टनचा व्यास ०.५२५ इंचांपेक्षा कमी नको, गॅस सिलिंडरचं भोक ०.५३२ पेक्षा मोठं नको. यातली फट वाढली की वायू निसटतो, बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि पुढचं काडतूस अडकतं. रिकॉइल स्प्रिंग काढून, बोल्ट आणि रॉड बसवलेली रायफल पुढे-मागे कलती करा. रॉड स्वतःच्या वजनाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरकला पाहिजे. अडखळला तर तो वाकलेला आहे किंवा कुठेतरी घासतो आहे. वाकलेला रॉड बहुधा चुकीच्या दारूगोळ्याची खूण असते, त्याबद्दल पुढे येतं.

हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर, मोजणारी गेज सोबत न्या. .३०-०६ साठी गो गेज १.९४० इंच, लष्करी फील्ड गेज १.९५०. गो वर बोल्ट सहज बंद व्हायला हवा, फील्डवर व्हायला नको. बोल्ट गेजवर हलक्या बोटांनी बंद करा, रॉड सोडून आपटू नका. नळीवर "७.६२ नाटो" लिहिलेलं दिसलं तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. अमेरिकन नौदलाने काही गॅरंड ७.६२ नाटोला बदलल्या, त्यातल्या पहिल्या प्रकारात जुन्याच चेंबरमध्ये एक बुश (धातूची छोटी पोकळ कडी) दाबून बसवलेली असे आणि ती कधीकधी काडतुसाबरोबर बाहेर यायची. अशी बुश असलेली रायफल चालवायची नाही, दाखवायला ठेवायची. कॅलिबरबद्दल जराही शंका असेल तर चेंबरचा साचा काढून मोजून घ्या. .३०-०६ च्या चेंबरमध्ये .३०८ चं काडतूस जातं आणि फुटतं.

गॅरंड सोडून १९०३ स्प्रिंगफील्डकडे वळणार असाल तर एकच गोष्ट लक्षात ठेवा. स्प्रिंगफील्डचे ८,००,००० खालच्या क्रमांकाचे आणि रॉक आयलंड या दुसऱ्या सरकारी कारखान्याचे २,८५,५०७ खालच्या क्रमांकाचे रिसीव्हर उष्णता प्रक्रियेतल्या दोषामुळे ठिसूळ असू शकतात. ते चालवू नयेत. शोमध्ये "आजोबांनी आयुष्यभर चालवली" हे उत्तर हमखास मिळतं. त्याने पोलाद बदलत नाही.

भारताशी खरा संबंध असलेला एक भाग खासगी बाजारातच सापडतो. पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीच्या लढाऊ रायफली अमेरिकेत आयातदारांमार्फत भरपूर आल्या: जुन्या .३०३ आणि साठच्या दशकातल्या ७.६२ च्या २ए आणि २ए१. सीएमपीचा त्यांच्याशी काहीच संबंध नाही. २ए ला २००० मीटरपर्यंत, २ए१ ला ८०० मीटरपर्यंत मागचं साइट (नेम धरायची खूण) असतं, आणि बारा काडतुसांचं चौकोनी मॅगझिन असतं. नळीभोवती दस्त्यावर तार गुंडाळलेली दिसली तर ती ग्रेनेड फेकण्यासाठी वापरलेली आहे, घेऊ नका. "डीपी" शिक्का म्हणजे कवायतीची रायफल, चालवायची नाही. बरोबर जुना दारूगोळा मिळाला तर बुडावरची अक्षरं वाचा: "केएफ" म्हणजे पुण्याजवळची खडकी, "ओएफव्ही" म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव. आपल्या गावाचं नाव पाहून जीव हरखतो हे खरं, पण जुन्या .३०३ काडतुसांत बहुधा गंज आणणारं प्रायमर असतं. ती संग्रहात ठेवा, चालवायला नवा माल घ्या. आणि हो, गॅरंड भारतात घेऊन जाण्याचा विचार करू नका. अर्ध-स्वयंचलित रायफल तिथे सामान्य परवान्यावर बसत नाही.

खासगी खरेदीचा कायदा थोडक्यात. दोघे एकाच राज्यातले असतील तर फेडरल कायदा दोन व्यक्तींमधल्या विक्रीला पार्श्वभूमी तपासणीची सक्ती करत नाही, पण बरीच राज्यं करतात. राज्य वेगळं असेल तर रायफल परवानाधारक विक्रेत्यामार्फतच यायला हवी, हे १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टपासून आहे. याला एक उपयोगी अपवाद आहे: संग्राहकाचा टाइप ०३ परवाना, ज्याला सी अँड आर म्हणतात. तीन वर्षांना ३० डॉलर शुल्क, आणि ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ अवस्थेतल्या रायफली परराज्यातून थेट घरी मागवता येतात. प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंद वहीत ठेवावी लागते. हा परवाना संग्रहासाठी आहे, व्यापारासाठी नाही. दोन-तीन रायफली घ्यायच्या असतील तर तो नक्की काढा. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर घेणं हा फेडरल गुन्हा आहे, मग तो मेव्हणा असो किंवा जिवलग मित्र. आपल्या पैशांनी घेऊन खरंच भेट द्यायची असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही घेणाऱ्यावर बंदी नसावी आणि राज्याचे नियम पाळले पाहिजेत.

तुमच्या राज्यात सक्ती नसली तरी खासगी व्यवहार जवळच्या परवानाधारक दुकानातच करा. दुकानदाराचं शुल्क जाईल, पण तपासणी होते, फॉर्म ४४७३ (शस्त्रखरेदीचा फेडरल नोंद फॉर्म) होतो आणि उद्या रायफल चोरीची निघाली तर तुमच्याकडे कागद असतो. ऑनलाइन विक्रेत्याकडून फोटो मागताना नुसते छान कोनातले नकोत: टाच, पुढच्या पायावरचा क्रमांक, रॉड मागे घेतल्यावर दिसणारा नळीवरचा महिना आणि वर्ष, बोल्ट, मझल समोरून, आणि शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी. मझल आणि थ्रोटचे आकडे विचारा. गेज नाही म्हणाला तर भाव नळी बदलण्याच्या खर्चाएवढा कमी करायला सांगा, कारण तो धोका तुम्ही उचलताय. मृत्यूनंतर घरच्यांनी काढलेल्या जुन्या सैनिकाच्या रायफली हा खासगी बाजारातला सगळ्यात चांगला माल. तिथे घाई करू नका आणि भावासाठी त्या कुटुंबाला रगडूही नका.

दारूगोळ्यावर मात्र तडजोड नको. गॅरंडला लष्कराच्या एम-२ बॉलसारखं काडतूस हवं: १५० ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला सुमारे २,७४० फूट. वायूचं भोक नळीच्या पुढच्या टोकाजवळ आहे, आणि सावकाश जळणारी बारूद गोळी तिथे पोहोचेपर्यंत दाब धरून ठेवते. तो दाब रॉडला मागे झटका देतो आणि रॉड वाकतो. शिकारीची आजची जड काडतुसं याच कारणाने नकोत. सीएमपीची सूचना ५०,००० सीयूपी (चेंबरमधला दाब मोजायचं एकक) दाब आणि १७२ ते १७४ ग्रेनच्या वर जाऊ नका अशी आहे. घरी भरत असाल तर ४८९५ किंवा ४०६४ च्या गतीची बारूद ठीक. प्रायमर कडक घ्या आणि पितळाच्या पातळीखाली बसवा. गॅरंडची फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट आपटला की ती प्रायमरला हलका टोला देतेच.

रायफल घरी आली की पूर्ण उघडा, कॉस्मोलिन (साठवणीतला गंजरोधक चिकट लेप) काढा, बोल्टच्या लग्जना (बोल्ट अडकवणाऱ्या उंचवट्यांना), रॉडच्या मार्गाला आणि हॅमरच्या तोंडाला ग्रीस लावा. तेल नव्हे, ग्रीस. गॅस सिलिंडर लॉकचा स्क्रू घट्ट आहे का पाहा. सैल असेल तर रायफल अर्ध्यावरच मागे जाते आणि लोक उगाच स्प्रिंगला दोष देतात. रिकॉइल स्प्रिंग नवी २० इंचांपेक्षा थोडी लांब असते, १९ च्या जवळ आलेली असेल तर बदलून टाका, ती स्वस्त आहे. सातवं काडतूस अडकण्याचा गॅरंडचा जुना आजार बहुतेक वेळा तिथेच बरा होतो.

पहिल्यांदा रेंजवर एकच गोळी, तीही एकेरी भरण्याच्या साच्यातून. चेंबरमध्ये हाताने काडतूस टाकून बोल्ट सोडू नका. मग क्लिपमध्ये दोन, एका चापात दोन्ही सुटत नाहीत ना हे पाहायला. मग पूर्ण आठ. क्लिप दाबताना उजव्या तळहाताची कड रॉडच्या हँडलला टेकवून ठेवा म्हणजे अंगठा चिरडणार नाही. उडालेली पितळं उचलून पाहा: बुडापासून अर्ध्या इंचावर चकाकती गोल रेघ दिसली तर हेडस्पेस पुन्हा मोजेपर्यंत ती रायफल पेटीत राहू द्या.